पापणी लवली

दुपारी तीनच्या सुमारास स्मारांदाबाईंनी तळघरातल्या काळ्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं, तेव्हा कधी एकदा खुर्चीत टेकते असं त्यांना झालं होतं. गुडघे कुरकुरत होते. याश शहरावर आठवडाभर धुकं बसलं होतं आणि त्या दमट हवेनं हाडं जड झाली होती.

काम रोजचंच होतं. उद्या डोळ्यांच्या दवाखान्यातून सहा रोगी येणार होते. पडद्यावरचे फिकट ठिपके त्यांना कितपत दिसतात, त्यावरून कुणाचा उपचार चालू ठेवायचा नि कुणाचा थांबवायचा हे ठरणार होतं. त्याआधी पडदा नेमका ठरवून दिलेलाच उजेड देतो ना, हे मोजून कागदावर सही करायची. सत्तावीस वर्षं बाई तेच करत आल्या होत्या.

खोलीच्या भिंती, छत, टेबल, सगळं काळ्या रंगानं माखलेलं. तापलेल्या धुळीचा वास. पडदा अर्धा तास तापू दिल्यावर बाईंनी मोजणीचं यंत्र, मुठीएवढा डबा नि त्याला पुढे भिंग, हनुवटी टेकवायच्या पट्टीवर बसवलं. बघणाऱ्या माणसाचा डोळा जिथे असतो, अगदी तिथेच. मग पडद्यावर करडा रंग लावला आणि बाई बाजूच्या संगणकापाशी बसल्या. उजेडाचा आकडा बेचाळीसवर स्थिरावला. संगणकावर त्याची रेघ सरळ चालू लागली.

आणि एकदम पडली. पार तळाला. लगेच वर आली.

बाईंनी तार बदलली. रेघ पुन्हा पडली. कपाटातलं दुसरं यंत्र लावलं, तरी तेच. यंत्र पडद्याच्या काचेला चिकटवलं, तर रेघ सुतासारखी सरळ. परत पट्टीवर ठेवलं, की पुन्हा पडझड सुरू. कधी चार सेकंदांनी, कधी सातांनी. पडताना झटकन, उठताना किंचित सावकाश.

अशा रेघा बाईंनी हजारोंनी पाहिल्या होत्या. पण यंत्राच्या नव्हेत, माणसांच्या डोळ्यांच्या.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वरून डॉक्टर एफ्तिमिये बोलत होते, विभागाचे प्रमुख.

"काय हो बाई, झालं का? इथे चहा गार होतोय."

"आकडा मिटतोय, डॉक्टर."

"मिटतोय म्हणजे?"

"म्हणजे... पापणी लवावी तसा."

तिकडे हसू फुटलं. "रजा घ्या बाई तुम्ही, रजा! सरासरी काढा, सही ठोका आणि या वर. ट्राम काय तुमच्यासाठी खोळंबणार आहे?"

ट्राम म्हटल्यावर बाईंनी फोन ठेवला आणि त्या पट्टीकडे बघू लागल्या.

तुदोसेकाका. ट्रामचे निवृत्त चालक. प्रयोगाला हौसेनं यायचे, अकरा वर्षं दर मंगळवारी याच पट्टीवर हनुवटी टेकवून बसायचे. येताना कडीसारखा, तिळाचा गरम कोव्रिग पाव आणायचे, अर्धा बाईंना द्यायचे. "अगं पोरी, चाळीस वर्षं सिग्नलकडे डोळे लावून बसलेला माणूस मी. तुझे ठिपके काय घेऊन बसलीस!" प्रयोग चालू असताना डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पडद्यावर प्रश्न यायचा: दमलात? दोनदा डोळे मिटले तर हो, एकदा मिटले तर नाही. काकांचं उत्तर कायम 'नाही'.

फक्त गेल्या फेब्रुवारीत, शेवटच्या मंगळवारी, काकांनी डोळे दोनदा मिटले होते. बाईंनी स्पष्ट पाहिलं होतं. पण एकच फेरी उरली होती, घरी आई एकटी होती, स्वतःचं अंग मोडून आलं होतं. त्यांनी 'नाही' अशी नोंद केली आणि फेरी सुरू केली. जाताना काका एवढंच म्हणाले, "आज अंधारी येतेय गं डोळ्यांपुढे." त्याच संध्याकाळी घरी पोचल्यावर काका वारले. बाईंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता त्यांची बोटं आपसूक कळफलकावर गेली. करड्या पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली.

दमलात?

रेघ दोनदा पडली.

"काका..." बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मी पाहिलं होतं. तेव्हाही... पाहिलं होतं मी."

मग उठून त्यांनी वर फोन लावला. "डॉक्टर, मी सही करणार नाही. उद्याच्या लोकांना या खुर्चीत बसवायचं नाही. दुसरी खोली बघा."

"अहो बाई, पण कारण काय लिहू मी?"

"माझं नाव लिहा. आणि फेब्रुवारीतली एक नोंद खोटी आहे. ती कशी झाली, ते वर आल्यावर सांगते."

फोन ठेवल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं. त्यांनी पुन्हा लिहिलं. घरी जायचंय?

दोनदा.

"मग उठा ना, काका. संपलं सगळं... उठा आता."

रेघ लवतच राहिली. चार सेकंद, सहा सेकंद. माणूस जागचा हलत नव्हता. का हलत नव्हता? बाईंनी चाचपडत शेवटचं लिहिलं.

एकटेच आहात ना?

रेघ एकदा पडली. वर आली. बाई दुसऱ्यांदा पडायची वाट बघत राहिल्या... ती पडली नाही. एकदाच, म्हणजे 'नाही'.

मग ती उतरू लागली. पापणीसारखी झटकन नव्हे, हळूहळू, मध्ये थांबत. नवखे विद्यार्थी पडद्यावरचं वाचायला यंत्रापुढे वाकायचे, तेव्हा रेघ अशीच उतरायची.

बाईंनी मान वर केली. पडदा लख्ख होता. अक्षरं स्वच्छ दिसत होती. यंत्र आणि पडदा यांच्यामध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

रेघ मात्र खालीच राहिली. जो कोणी वाचत होता, तो अगदी सावकाश वाचत होता.