नाव न घेता

दक्षिण गोलार्धातल्या जूनच्या ऐन थंडीत ओर्तेन्सियाबाई नातीला बर्फ दाखवायला चाकाल्ताया डोंगरावर घेऊन गेल्या. सात वर्षांच्या नोएमीनं आजवर बर्फ पाहिला होता तो ला पाझच्या गच्चीवरून, लांबून. तिची आई नोकरीसाठी स्पेनला गेलेली. जाताना पोर तिनं बाईंच्या ओटीत घातली होती.

जीप चालवणारा कासिमिरो बाईंचा जुना विद्यार्थी.

"बाई, वळण चुकलो तर बाकावर उभं कराल?"

"बर्फात उभं करीन. समोर बघ."

वरच्या उतारावर डाव्या बुटाच्या सैल टाचेमुळे नोएमी घसरली. लागलं काहीच नाही. पण ती रडलीही नाही. नुसती डोळे विस्फारून बसून राहिली.

कासिमिरोची थट्टा थांबली. "पोर दचकलीय, बाई. तिची टोपी हलवून हाक मारा, नाहीतर जीव इथंच राहील. तिच्या वतीनं 'आले' मी म्हणतो."

"चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. तू वर्गात झोपायचास का?"

"जागा होतो. पण मलाही आईनं असंच परत आणलं होतं."

त्याचं मन मोडायला नको म्हणून बाईंनी टोपी हलवली. "चल गं पोरी, घरी चल!"

"आले," बारीक आवाजात उत्तर आलं.

"नक्कल छान करतोस," बाई हसल्या.

कासिमिरो हसला नाही. त्यानं नोएमीला उचललं आणि गाडीत बसवलं.

दुपारी त्यानं वरच्या स्टेशनवर सोडलं, तिथून आजी-नात केबल कारनं शहरात उतरल्या. चौकात नोएमीनं कबुतरांना मक्याचे दाणे टाकले. एरवी खांद्यावर बसणारी कबुतरं. आज तिच्याभोवती वावभर जागा मोकळीच राहिली. मग बाईंनी तिला आपी घेऊन दिली. जांभळ्या मक्याचं ते उकळतं पेय नोएमी नेहमी फुंकून फुंकून प्यायची. आज एका घोटात पेला रिकामा झाला.

"जीभ भाजली नाही?"

"अजून दे," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर कासिमिरोचा फोन आला.

"बाई, तिथं बोलायचा धीर झाला नाही. 'आले' मी म्हणालो नव्हतो."

"मग नोएमी म्हणाली असेल."

"ती माझ्या शेजारीच होती. तिचे ओठ हलले नाहीत. आणि बाई, तुम्ही नाव घेतलं नाहीत. नुसतं 'पोरी' म्हटलं तर कुणीही येतं."

बाई खिडकीशी गेल्या. डोंगरावर शेवटचं ऊन होतं. त्यांनी नोएमीची टोपी हलवली. चाळीस वर्षांचं विज्ञान बाजूला ठेवून, घसा मोकळा करून हाका मारल्या.

"नोएमी! घरी ये, बाळा! नोएमी!"

डोंगरावरचं ऊन विझेपर्यंत त्या हाका मारत राहिल्या.

मग खालच्या जिन्यात बूट वाजले. डाव्या बुटाची टाच सैल होती, ती खटखटत होती.

"आले, आजी!" धापा टाकत आवाज आला.

बाई दाराकडे धावल्या. कडीवर हात ठेवला, तोच त्या हातावर एक छोटा, गार हात आला.

"नको ना काढू कडी," शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली. "बाहेर फार थंडी असते. मला माहीत आहे."