विटेचा शेक

त्र्याण्णव साली इंदापूरच्या बाजारात एका बोकडानं इंदिराच्या पिशवीतली मेथीची जुडी ओढली, आणि बोकडाच्या मागून, दावं सावरत, सर्जेराव आला.

"तुमच्या बोकडानं माजी मेथी खाल्ली!"

"व्हय? थांबा... गोड हाय का, इचारतो त्याला."

"दात काय काढताय? भरून द्या!"

त्यानं भरून दिली. पुढच्या बाजारीही दिली — न खाल्लेल्या मेथीबद्दल! मग काय, पुढच्या उन्हाळ्यात बावड्याची इंदिरा अंथुर्ण्याची सून झाली.

सासरी मात्र सगळं बोलणं पदराआड गेलं. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याच्या बाजेवर टेकायचं नाही, मान वर करून बघायचं नाही. ती चहा द्यायची. तो कप परत देताना उगाच जरा जास्त वेळ धरून ठेवायचा... दिवसाउजेडी एवढाच काय तो संसार.

श्रावण सरता सरता सर्जेराव शेळ्यांना पाला तोडायला लिंबावर चढला आणि फांदीसकट खाली आला. पाठीचा कणा दुखावला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आला तो बाजेवरच. मांड्यांत थोडा जोर होता, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी पायांना बांधून उभं राहायच्या लोखंडी पट्ट्यांसाठी माप घेतलं.

त्याला बायकोची लाज वाटायची. लघवीची नळी, कूस बदलणं, अंग पुसणं — हे सगळं तिनं करायचं! तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. लाज तिलाही वाटायची. नवऱ्याच्या अंगाला उजेडात पहिल्यांदा हात लागत होता, आणि तो असा.

मग तिनंच एक खेळ काढला.

"डोळं मिटा. सांगा, कुठला पाय धरलाय?"

"...डावा."

"आन् आता?"

"उजवा. गुदगुल्या करू नगं, इंदे!"

ती हरखून गेली. रोज नेमका पाय ओळखतो, म्हणजे पाय जागे होताहेत! तिचा भाऊ भीमा तिला न्यायला येणार होता. 'वय हाय तवर काडीमोड घिऊ, दुसरं घर बघू,' असा त्याचा निरोप होता. त्याला ती ठणकावून सांगणार होती, धनी बरे होताहेत म्हणून.

थंडी पडली. एका सांजेला सर्जेरावाचे तळवे तिला गारढोण लागले. तिनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळून त्याच्या टाचांशी ठेवली. गावाकडं गुडघा धरो की कंबर, आधी वीटच तापते.

"लय पोळती का?"

"न्हाय... बरं वाटतंय."

सकाळी दोन्ही टाचांना टरारून फोड आले होते.

"भाजलंस की गं माज्या लेकाला!" सासू साखरबाईनं कपाळ बडवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, जखमा भरेपर्यंत पट्ट्या नाहीत. इंदिरानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. ज्याला उभं करायचं त्यालाच भाजलं. आता कुठल्या तोंडानं राहायचं? भीमा आला की मुकाट निघायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

दुपारी सगळे रानात गेल्यावर ती टाचांना मलम लावत होती. डोळ्यांना धार लागली होती.

"माज्यामुळं झालं. उद्या दादा येतोय... जाते मी."

"इंदे — थांब. मला कळलंच न्हाय."

"विटंचं?"

"विटंचं न्हाय... तुज्या हाताचं बी न्हाय. कंदीच न्हाय."

"मग पाय कसा वळखायचा?"

"बांगड्या." तो आढ्याकडं बघत होता. "डाव्या हातात भरून हायत, उजव्यातल्या कामात वाढल्या. कुठला हात हालला ते आवाजावरनं कळायचं, त्यावरनं पाय सांगायचो. पायाला चटका कळायचा न्हाय, बायकोला सांगून ठेव, असं पुण्याचं डॉक्टर म्हणलं व्हतं. म्या न्हाय सांगितलं. तू अशी हसायचीस... वाटलं, बरा व्हतोय म्हणून तरी ऱ्हाशील."

मलमाची डबी त्याच्या डोक्यात घालावी, असा तिला राग आला.

"लबाड! हितं मी लाजंनं मरतीया, आन् तुमी —"

"व्हय, लबाड हाय. खरं तर मीच जा म्हणाया पायजे. पण... जाऊ नगंस." आज त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं नाही. "पायाला तुजा हात कळत न्हाय, इंदे. पर तू हितनं उठलीस की... कळतं."

तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी भीमा आला. सर्जेरावाची बाज अंगणात उन्हाला टाकली होती. शेजारी सासरे आप्पा आणि साखरबाई खाली मान घालून बसले होते.

"पिशवी भर," भीमा म्हणाला.

इंदिरा आत गेली, ती मलम घेऊन बाहेर आली. आणि सगळ्यांदेखत सरळ नवऱ्याच्या बाजेवर बसली! त्याची टाच उचलून मांडीवर घेतली.

"अगं... आप्पा हायत," सर्जेराव पुटपुटला. लाजेनं त्याला कुठं बघावं कळेना.

"असू द्यात." तिनं टाचेला मलम लावायला घेतलं. "दादा, ह्यांच्या पायाला काय बी कळत न्हाय. कुणीतरी बघाया पायजे. तू च्या पिऊन जा."

आप्पा खाकरले आणि गोठ्याकडं बघू लागले. साखरबाई चहा टाकायला उठली. जाताना तिनं सुनेचा ढळलेला पदर हळूच डोक्यावर सारखा केला... पण बाजेवरून उठ म्हणाली नाही.