एकशे बावन्न अंश

आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली ट्यूब तीन दिवस लुकलुकत होती आणि मी तीन दिवस इलेक्ट्रिशियनच्या नावाने बोटं मोडत होते. त्यामुळे त्या संध्याकाळी खिशात टेस्टर खोचलेला एक उंच माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी काही विचारलंच नाही. सरळ कोपऱ्यातलं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं.

"आलात एकदाचे! चढा. स्टार्टर गेलाय बहुतेक."

त्याने ट्यूबकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चढतो की," तो म्हणाला. "पण हात वर जात असता, तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मी अशी ओशाळले म्हणता... त्याच्या हातात, दवाखाना चालवणाऱ्या आमच्या मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. उजवा खांदा आखडलेला. हात छातीच्या वर उचलला की कळ मस्तकात जायची.

तो एका नाटक कंपनीचा लाइटवाला होता. शिडीवर चढून, डोक्याच्या वर हात करून जड दिवे टांगायचे, हेच त्याचं काम. तीन महिन्यांनी कंपनी दोन वर्षांच्या दौऱ्यावर निघणार होती. आजवर तो दुसऱ्यांच्या हाताखाली राबला होता. या वेळी प्रथमच अख्ख्या नाटकाचा प्रकाश त्याने स्वतः आखला होता. पण मालकांची अट होती. हात एकशे पन्नास अंशांपर्यंत वर जातो असा कागद आणायचा, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस तयार होता.

"कागदावर सही कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी."

"मग तुमच्याशी गोडीगुलाबीने वागायला हवं."

"खांद्याशी वागलात तरी पुरे," मी म्हटलं. "आणि माझा एकच नियम आहे. दुखलं की 'थांबा' म्हणायचं. तुम्ही म्हणालात की मी थांबते. का, कशाला, काही विचारत नाही."

"लगेच?"

"लगेच."

मग आठवड्यातून तीन दिवस, साडेपाच वाजता. आधी वीस मिनिटं गरम पिशवीचा शेक. मग मी त्याचा दंड एका हाताने धरायचे, दुसरा तळवा खांद्यावर ठेवायचे आणि सांधा हळूहळू हलवत सैल करायचे. सुई नाही, चाकू नाही. नुसते हात आणि धीर. शेवटी भिंतीवर बोटं चालवायची. मुंगी चढते तशी बोटं वर वर न्यायची आणि पोचतील तिथे मी पेन्सिलने रेघ मारायची.

"दहापैकी किती दुखतंय?" मी दर वेळी विचारायचे.

"सात."

"आणि आता?"

"आता... तुम्ही बोलत होतात तेव्हा चार होतं. गप्प झालात, परत सात."

"उगाच लाडात येऊ नका. कोपर सरळ."

तो हसायचा आणि कोपर सरळ करायचा.

मी दिवसाला पंधरा-वीस खांदे हाताळते. हाताला सवय असते, मनाला त्याचं काही नसतं. पण साडेपाच वाजायला आले की मी उगाच चादर बदलायचे, केस सारखे करायचे. मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. तो मात्र बोलायचा. रंगमंचावर पहाट कशी करतात ते त्याने मला डाव्या हाताने हवेत काढून दाखवलं. आधी निळा उजेड, मग त्यात हळूच पिवळा, इतका हळू की बघणाऱ्याला कळता कामा नये.

"आणि तुमची ही ट्यूब!" तो झोपल्या झोपल्या वर बघून एकदा म्हणाला. "माझा हात बरा झाला की पहिलं काम हेच. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आला. मी त्याला दारातूनच परत पाठवला.

मला तो आवडत होता. आडवळणं कशाला घेऊ? खांदा सुटत चालला तसा माझा जीव मात्र अडकत चालला होता. भिंतीवरची रेघ बोटभर वर सरकली की त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरायचा. मी टाळ्या वाजवायचे आणि आत कुठेतरी खचायचे. माझ्याच हातांनी मी त्याला दूर धाडत होते.

बाराव्या आठवड्यात अखेरचं मोजमाप होतं. कोन मोजायला आमच्याकडे दोन पट्ट्यांचं गोनिओमीटर असतं. एक पट्टी अंगाला समांतर, दुसरी दंडावर. तो उताणा झोपला आणि डोळे मिटून घेतले. आकडा तो स्वतः कधीच बघायचा नाही. मी सांगेन तो खरा.

हात वर गेला. आणखी वर. मी वाकून पाहिलं.

एकशे बावन्न.

पुन्हा पाहिलं. एकशे बावन्नच.

"किती?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"एकशे... तीस."

शब्द तोंडातून निघून गेला. खरंच सांगते, ठरवून नव्हे. पण मग कार्डावर तोच आकडा लिहिला, तो मात्र ठरवून. वाटलं, एकच आठवडा. पुढच्या आठवड्यात खरा सांगू, कंपनी निघायला अजून वेळ आहे. आठवडाभर तरी साडेपाच वाजतील.

त्याने हात सावकाश खाली घेतला.

"मला वाटलं होतं, आज गेला वर," तो म्हणाला. "अंगाला कळतं ना... पण तुम्ही म्हणताय म्हणजे एकशे तीसच."

पुढच्या वेळी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी फोन केला तर नुसताच वाजत राहिला. तो आला तो पंधरा दिवसांनी, दाढी वाढलेली, उजवा हात पोटाशी धरून.

"कंपनी गेली काल," तो म्हणाला. "तुमच्याकडून निघालो तो सरळ मालकांकडे गेलो. म्हटलं, शेवटच्या क्षणापर्यंत लटकवून ठेवायचं हे बरं नाही. दुसऱ्या माणसाला तयारीला वेळ मिळू दे. माझे प्रकाशाचे नकाशे त्यालाच देऊन आलो."

मी गोनिओमीटर काढलं.

"व्यायाम केलात?"

"कशासाठी करायचे?"

एकशे सव्वीसला खांदा अडला. तो दात आवळून म्हणाला, "थांबा," आणि मी थांबले. पंधरा दिवसांत सांधा पुन्हा आखडला होता. मी लिहिलेलं खोटं त्याच्या अंगात उतरलं होतं.

"त्या दिवशी एकशे बावन्न होतं," मी म्हटलं.

तो उठून बसला.

"तुमचा हात वर गेला होता. मी खोटं सांगितलं. तुम्ही जाऊ नये म्हणून... आठवडाभर तरी... मला तुम्ही..." प्रेमाची कबुली अशी द्यायची असते का? मी ती गुन्ह्यासारखी दिली, आणि गुन्हाच होता तो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताने शर्टाची बटणं लावली. सगळ्यात वरचं लागेना. एरवी मी पुढे झाले असते.

"माझं एक दुखणं तुम्हाला शेकाने बरं करता आलं नसतं," तो सावकाश म्हणाला. "ते तुमच्यामुळेच होतं. मी कधीचा बोलणार होतो. हात बरा झाल्यावर, ती ट्यूब लावून." त्याने वरचं बटण तसंच सोडून दिलं. "मला तुम्ही एकदा 'थांबा' म्हणायचं होतंत. मी थांबलो असतो. का, कशाला, काही विचारलं नसतं."

मी रडले. त्याने मला रडू दिलं.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. कार्डावरचा आकडा खोडून खरा लिहिला, खाली सही केली. मॅडम कधी नव्हे इतकं बोलल्या, आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. त्याचा खांदा त्यांनी स्वतःकडे घेतला. मला सकाळच्या वेळी गुडघे आणि मान. साडेपाच वाजता मी घरी असायचे. आई म्हणायची, "आजकाल लवकर येतेस गं," आणि मी चहाचं आधण ठेवायचे.

चार महिन्यांनी मॅडमनी मला संध्याकाळी थांबवून घेतलं. "आज त्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या कंपनीत काम मिळालंय, लांब. निरोप घे नीट," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

तो स्टुलावर उभा होता. उजवा हात पार वर, ट्यूबपाशी. त्याने जुना स्टार्टर काढला, नवा बसवला, फिरवला. ट्यूब एकदा थरथरली आणि स्थिर लागली. इतक्या महिन्यांनी मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला.

"किती?" त्याने वरूनच विचारलं.

मी नजरेनेच मोजलं. "एकशे सत्तर."

"खरं?"

"अगदी खरं."

तो खाली उतरला. स्टूल कोपऱ्यात ठेवलं, पिशवी खांद्याला लावली. उजव्या खांद्याला. दारापर्यंत गेला.

"थांबा," मी म्हटलं.

तो लगेच थांबला. का, कशाला, काही विचारलं नाही. पाठ माझ्याकडे तशीच, हात दाराच्या कडीवर. बाहेर कुणाचीतरी सायकल गेली.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"दहापैकी किती?"

"दहा."

त्याने मान हलवली, न वळता. "माझंही," तो म्हणाला. मग अगदी हळू, सांधा जपून हलवावा तसं त्याने दार उघडलं, आणि तो गेला. पुन्हा 'थांबा' म्हणायचा हक्क मला नव्हता.