पाठ धुऊन घ्यायला आलेला माणूस

खरं-खोटं करत बसायचं असेल त्यांनी इथेच थांबावं. मी घडलेलं सांगतेय. ज्या बाईच्या हातून हे घडलं ती माझी आई, विनी. तिने मला आयुष्यात एकदाही थाप मारलेली नाही, लहानपणी नाताळबाबाच्या बाबतीतसुद्धा नाही.

६ नोव्हेंबर १९३६. शुक्रवार. दुपारचे सव्वादोन.

गाव हार्लो रिग, इंग्लंडात, डरहॅमकडचं. खाणकामगारांची चाळ, त्यातलं शेवटून दुसरं घर.

होय, दुपार. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, काही नव्हतं.

विनी अकरा वर्षांची. खोकल्यामुळे शाळेला दांडी. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात ती, आजी आणि बाबा. बाबा, म्हणजे अ‍ॅम्ब्रोज, पहाटे खाणीत उतरायचा तो तीनच्या भोंग्यानंतर घरी यायचा, डोक्यापासून पायापर्यंत काळा. घरसुद्धा खाणीचंच. बाबा खाणीत उतरतोय तोवर डोक्यावर छप्पर, नाहीतर आठवड्याभरात रस्त्यावर. बाबाला काही झालं तर... एवढी एकच भीती विनीला कायम असायची.

शेगडीपुढे पत्र्याचा टब मांडायचा, गरम पाणी ओतायचं, हे तिचं काम. बाबा तोंड धुवायचा, हात, छाती, पाय.

पण पाठ नाही.

"पाठ धुतली की पाठीतला जोर जातो," आजी म्हणायची. "वाकून वाकून कोळसा फोडतात ही माणसं. तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं पाठीला पाणी लावलं नाही."

"म्हणून घरात माश्या यायच्या होय?" बाबा डोळा मारायचा.

"गप रे मेल्या! आणि विने, तू असला नाद करायचा नाही. सांगून ठेवते."

विनीला मात्र फार वाटायचं, एकदा तरी बाबाची पाठ धुवावी. त्याच्या चादरीवर पाठीचा काळा ठसा उमटायचा. सोमवारी ती चादर घासताना तिला आईची आठवण यायची आणि रडू फुटायचं.

त्या शुक्रवारी आजी खाटकाकडे गेली होती. विनीने पाणी जरा लवकरच तापवलं.

मागचं दार उघडलं.

खरं तर आधी बुटांचा आवाज यायला हवा होता. खिळ्यांचे बूट फरसबंदीवर असे वाजायचे की चार घरं आधीपासून कळायचं.

त्या दिवशी... काहीच वाजलं नाही.

तो आत आला. काळाकुट्ट. टोपी डोळ्यांवर ओढलेली. खाणीतून आलेली माणसं सगळी सारखीच दिसतात, त्यात उजेड त्याच्या मागून येत होता.

"बाबा? आज लवकर कसा?"

तो सरळ टबाकडे आला. दमला असेल, तिला वाटलं.

त्याने सदरा काढला. टबाशी गुडघे टेकले. तिच्याकडे पाठ केली. आणि कडेचं फडकं उचलून खांद्यावरून मागे धरलं...

तिच्यासमोर.

"खरंच? धुवू?"

मान हलली.

विनीला इतका आनंद झाला की ती आजीला विसरलीच. फडक्याला साबण लावला आणि खांद्यापासून सुरुवात केली.

पाठ गार होती.

पाणी कढत होतं, शेगडी धगधगत होती, आणि पाठ... नोव्हेंबरातल्या दगडासारखी.

काजळी निघत होती. खालची गोरी कातडी दिसायला लागली होती. तिने फडकं टबात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. आणि मग तिचं लक्ष पाण्याकडे गेलं.

पाणी स्वच्छ होतं... टबाचा तळ दिसत होता.

बाबाच्या उजव्या खांद्याखाली बोटभर निळा वण होता. जखमेत कोळसा राहिला की कातडीखाली असा निळा डाग कायमचा राहतो. इथे प्रत्येक पुरुषाच्या अंगावर एखादा असतोच.

या पाठीवर एकही नव्हता.

विनीचा हात थांबला. पळावंसं वाटलं. पण पळाली नाही. ती म्हणते, "मला वाटलं, अर्धी सोडली तर तो वळेल. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं." तिने डोळे गच्च मिटले आणि राहिलेली पाठ धुतली.

डोळे उघडले...

समोर कोणी नव्हतं. दार बंद. जमिनीवर एक थेंब नाही.

तेवढ्यात भोंगा झाला. तीनचा नव्हे. हा थांबेचना. त्या भोंग्याचा अर्थ या गावात कुणाला सांगावा लागत नाही. शेजारच्या पॉलीकाकू पिठाच्या हातांनीच खाणीकडे धावत सुटल्या. त्यांचा नवरा, सेपकाका, आणि बाबा पंधरा वर्षं एका जागी, जोडीने कोळसा फोडायचे.

विनी मात्र जागची हलली नाही. तिची खात्री झाली होती की बाबा गेला, आणि तो आपल्यामुळेच गेला.

पाचला बुटांचा आवाज आला.

रोज दोन जोड वाजायचे. आज एकच...

बाबा दारात उभा होता. विनी त्याच्या कमरेला जी बिलगली ती सुटेना.

"सेप गेला, आये," तो आजीला म्हणाला. "माझ्या जागेवर गेला. सव्वादोन झाले असतील. कोणीतरी माझ्या पाठीवर ऊन ऊन हात फिरवला. साबणाचा वास आला गं, तिथे खाली! मी दचकून मागे सरलो. सेप हसला. म्हणाला, 'काय रे, पाठ खाजते काय? बस तू, मी मारतो चार घाव.' आणि पुढे सरकला..."

बाबाने टोपी काढली. वरचा दगड सेपकाकावर आला होता.

आजीने त्याचा सदरा उतरवला. तो तिच्या हातातून गळून पडला.

बाबाची पाठ गोरी लख्ख होती. नुकती धुतल्यासारखी. त्यावर तो निळा वण.

विनीने रडत रडत सगळं सांगितलं. आजीने मागचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "पॉलीला यातलं अक्षर कळता कामा नये. कधीच."

आठवड्याच्या आत पॉलीकाकूंना घर सोडावं लागलं. पुढे जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे धुतले. विनीला त्यांच्याकडे बघवायचं नाही. बाबा वाचला याचा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच लाज वाटायची.

त्रेचाळीस वर्षं गेली. खाण बंद पडली. पॉलीकाकू ऐंशीला आल्या. माझी आई दर मंगळवारी त्यांना अंघोळ घालायला जायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून जायची.

"हळू गं बये! पाठ आहे ती. दारची पायरी घासतेस का?"

"मग पुढच्या मंगळवारी स्वतःच घासा."

दोघी हसल्या.

"विनी, एक सांगू? सेप गेला ना, त्या दुपारी तो आला होता."

"कोण?"

"मला वाटलं, सेपच. मागच्या दाराने. बुटांचा आवाज नाही, काही नाही. गुडघे टेकले आणि फडकं मागे धरलं माझ्यासमोर. मी म्हटलं, डोकं फिरलं की काय? पाठ धुतात का कधी? ऊठ, आत्ताच फरशी पुसलीय मी! ...गेला बिचारा. मुकाट्याने."

आईचा हात थांबला.

"कुठे... कुठे गेला?"

"तुमच्या अंगणाकडे वळला. तुमच्याकडे आला होता का गं?"

"नाही काकू."

"म्हणजे कुणीच नाही धुतली त्याची पाठ." काकूंनी डोळे पुसले. "मी धुवायला हवी होती गं. एवढंसं तर काम... थांबलीस का? पाणी गार होतंय."

आई आता नव्वदीला टेकलीय. अंघोळ मीच घालते. सगळं अंग धुऊ देते, पण पाठीला हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात मी वैतागले. म्हटलं, "आई, आता काय खाणीत उतरायचंय तुला?"

तिने माझं मनगट धरलं. घट्ट.

"माझी धुतलीस, तर कुणाची धुवायची राहील... ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं.