पाटीला घातलेला राम राम

मी म्हातारा झालो हे आमच्या भिंतपाटीला कोणी सांगितलं?

मी सांगितलं नव्हतं. सुनेनंही सांगितलं नव्हतं. तरी एका सकाळी मी चहा घेऊन पाटीसमोर बसलो, तर हवामानाच्या खाली एक रंगीत चौकट उघडली. तिच्यात एक काठी होती. काठीला दिवा होता, आणि माणूस पडला की ती काठी स्वतः घरच्यांना हाक मारत होती. मी इकडेतिकडे पाहिलं. पडलेलं कोणी नव्हतं.

भिंतपाटी आता घरोघरी आहे. दाराएवढी काच, भिंतीला लावलेली. तिला लिहून विचारलं तर उत्तर देते, गावोगावची माणसं काय म्हणतात ते दाखवते आणि मधूनमधून जाहिराती आणते. आमची वस्ती म्हसवडच्या पलीकडे, माळावर, मेंढपाळांची. पाटी आली तेव्हा माझ्या नातीनं, कोयनानं, मला ती वापरायला शिकवलं.

"आबा, कुणी काही लिहिलं की खाली अंगठा दिसतो. तो दाबायचा. म्हणजे समोरच्याला कळतं, तुम्ही बघितलं, तुम्हाला आवडलं."

मला ही रीत एकदम पटली. आम्ही मेंढरं घेऊन परमुलखात चालणारी माणसं. वाटेत भेटला त्याला, ओळखीचा असो नसो, राम राम घालायचा. न घालता पुढे जाणारा माणूस आमच्यात चांगला धरत नाहीत. तेव्हा मी पाटीवर भेटेल त्याला अंगठा देऊ लागलो. एकानं लिहिलं, 'नवे बोलणारे बूट लई भारी.' अंगठा. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, 'बोलणारे बूट म्हणजे डोक्याला ताप.' त्यालाही अंगठा. दोघंही वाटेतच भेटले होते.

मग त्या काठीलाही मी अंगठा दिला. दारात आलेल्याला तसंच कसं परतवायचं?

दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं तेल आलं. मग दात नसलेल्यांसाठी मऊ खाणं. आणि मग एक मोठी इमारत आली, झाडीत लपलेली. तिच्यापुढे माझ्या वयाची माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसून हसत होती. मी खालची अक्षरं वाचायला घेतली. अक्षरं मला नातवंडांच्या वयात आली नाहीत, नातवंडं झाल्यावर आली. त्यामुळे जोडाक्षर आलं की मी थांबतो, फोडतो, पुन्हा जोडतो. बराच वेळ लागला, पण वाचलं: 'सायंछाया. वृद्धांचे स्वतःचे घर. त्यांना इथे सोडा, निश्चिंत व्हा.'

ते रोज येऊ लागलं. मीही रोज वाचू लागलो, काही चुकून राहिलं का ते बघायला. आणि एके दिवशी चौकटीखाली बारीक अक्षरांत एक नवी ओळ दिसली. ती वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला.

'तुमच्या घरातील धुळा यांनाही हे आवडले.'

धुळा माझा एकुलता एक मुलगा.

मला काही कळेना. धुळा कधी वर तोंड करून बोललेला नाही. पण हल्ली तो जेवताना ताटाकडेच बघायचा. परवा मधेच म्हणाला होता, "आबा, तुमास्नी हितं काय कमी पडतं का?"

"न्हाय बा. तुला काय अडचण हाय का?" मी विचारलं.

"मला कसली अडचण?" म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आता त्या बोलण्याचा अर्थ लागला असं वाटलं. मी ठरवलं, कोणी सोडून येण्याआधी आपणच निघावं. शेजारच्या म्हाकूचा कळप दोन दिवसांत कोकणाकडे उतरणार होता. गुडघे साथ देणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी मी खुंटीवरची घोंगडी काढली.

"आबा, कुठं निघालात?" कोयना दारात उभी होती.

"कुठं न्हाय. घोंगडी उन्हात घालतोय."

"ऊन बाहेर आहे. तुम्ही तर ती पिशवीत घालताय."

या पोरीपुढे काही चालत नाही. मी तिला पाटीवरची ओळ दाखवली. तिनं ती दोनदा वाचली, माझा हात धरला आणि मला वाघरापाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, घेऊन गेली. तिथे झिपऱ्या उभा होता.

झिपऱ्या हा आमच्या मेंढपाळ संस्थेचा यंत्रमानव. चार पायांचा, मेंढरं राखणारा. त्याच्या सांध्यांत कायम लोकर अडकलेली असते, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं.

"झिपऱ्या," कोयना म्हणाली, "पाटी आमचं बोलणं चोरून ऐकते का?"

"तुमच्या पाटीला कान नाहीत," झिपऱ्या म्हणाला. "तुम्ही मुद्दाम लिहून विचारता तेवढंच तिला कळतं. शिवाय वर एक बारीक डोळा आहे. नजरटिप्या (घरातल्या कोणाची नजर कुठे आणि किती वेळ थांबली ते टिपणारं यंत्र). बाकी ती अंदाज बांधते."

"मग मी म्हातारा झालो ते तिला कसं कळलं?" मी विचारलं.

"आबा, काल तुम्ही वाटेकडे बघून म्हणालात, पुढच्या कळपात एक मेंढी लंगडी आहे. कळप तर दिसतही नव्हता."

"ठसे होते की. एक पाय हलका पडलेला."

"पाटीही ठसे बघते. तुम्ही काय विचारलं, कुठे अंगठा दिला, कुठे थांबलात. या जमवलेल्या माहितीला विदा म्हणतात. मग अल्गोरिदम (हिशेबाची पायरीपायरीनं ठरलेली रीत) ती लाखो घरांच्या विदेबरोबर ताडून बघतो. कोयना, घरात गुडघ्यांबद्दल कोणी विचारलं होतं?"

कोयनानं कपाळाला हात लावला. "आईनं! पण ते खंड्यासाठी."

खंड्या आमचा कुत्रा. माझ्याबरोबर कोकण उतरलेला, आता उठताना कण्हतो.

"आईनं लिहिलं होतं, गुडघे धरलेत, चावता येत नाही, थंडी सोसत नाही, काय करावं."

"त्यात कुत्रा हा शब्द होता?"

"नव्हता. खंड्याला आमच्यात कोण कुत्रा म्हणतंय?"

"पाटीला खंड्या दिसला नाही," झिपऱ्या म्हणाला. "ज्या घरांतून असे प्रश्न येतात, तिथून पुढे बहुधा काठ्यांची, वृद्धनिवासांची चौकशी होते. याला सहसंबंध म्हणतात (दोन गोष्टी पुन्हापुन्हा एकत्र आढळणं). त्यावरून तिनं अंदाज केला आणि काठी दाखवून पाहिली. पुढचं तुम्ही केलंत, आबा."

"मी? मी तर नुसता राम राम घातला!"

"तिला राम राम कळत नाही. तिच्या लेखी अंगठा म्हणजे 'आवडलं, अजून आण'. आणि सायंछायावर तुमची नजर किती वेळ थांबली?"

"अरे, त्यात 'निश्चिंत' आहे! ते फोडायला वेळ लागतो!"

"तिच्या लेखी तो वेळ म्हणजे ओढ."

माझी भीती आणि माझं हळू वाचणं, दोन्ही त्या काचेनं आवड म्हणून मोजलं? मला खरं वाटेना. "हा स्वतःच्याच जातीची बाजू घेतोय," मी कोयनाला म्हणालो.

"मग ताडून बघू," ती म्हणाली. "ज्याची आपल्याला मुळीच गरज नाही, असं काहीतरी सांगा."

आमच्या माळावर कशाची गरज नाही? मी विचार केला. "पोहण्याची," मी म्हणालो. माणदेशात उभं राहायलाही पाणी नसतं, पोहणार कुठे?

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पाटीसमोर बसलो. कोयनानं पोहण्याच्या कपड्यांची चौकशी केली. मी माशाच्या शेपटीसारख्या पायमोज्यांकडे टक लावून बघत राहिलो आणि दिसेल त्याला अंगठा देत गेलो.

सकाळी म्हाकू काडेपेटी मागायला आला आणि पाटीसमोर थबकला. काचेवर निळं पाणी, बुडीचे चष्मे आणि एक लाल होडी.

"म्हातारबा, होडी घेताय व्हय? वल्हवणार कुठं, मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत?"

कोयना टाळ्या पिटत नाचली. मला हसू आलं, पण पुरतं नाही. काठी कळली, तेल कळलं, होडीही कळली. पण धुळाचा अंगठा? मी पुन्हा वाघरापाशी गेलो आणि झिपऱ्याला ते विचारलं.

"ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "ठशावरून मेंढी कुठे गेली ते कळतं. का गेली ते कळत नाही."

"मग कसं कळणार?"

"मेंढीला विचारता येत नाही, आबा. धुळाला येतं."

एवढी साधी गोष्ट, पण घराच्या वाटेवर मी दोनदा मागे वळलो. मी घरी परतलो तेव्हा धुळा पाटीसमोर उभा होता, होडीकडे बघत. माझ्याआधी कोयनाच बोलली.

"बाबा, तुम्ही त्या सायंछायाला अंगठा का दिलात?"

धुळा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला रोज दिसायचं, 'तुमच्या घरातील आबा यांना हे आवडले.' रोज. मला वाटलं, आबास्नी जायचंय. तोंडानं सांगायला जड जातंय. मी विचारूनबी बघितलं, हितं काय कमी पडतं का. म्हटलं, त्यांचा जीव तिकडं लागला आसंल तर आपण आडवं कशाला यायचं? म्हणून मीबी दाबला."

"लेका," मी म्हणालो, "मी जोडाक्षर वाचत होतो रे!"

धुळानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या घोंगडीकडे. "आन ही कशाला?"

मी सांगितलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला. ते हसूच होतं की दुसरं काही, ते मी बघितलं नाही. सून आतून ओरडली, "काय झालं वो?" आणि खंड्या कण्हत उठून माझ्या पायाशी आला. घोंगडी मी त्याच्या अंगावर टाकली.

आता कोयनाच्या डोक्यात नवं वेड शिरलं आहे. तिला मोठेपणी अशी पाटी बनवायची आहे, जी अंदाज बांधला की आधी विचारेल, 'मला असं वाटतंय, खरं आहे का?' झिपऱ्या म्हणाला, "बनवलीस की मलाही शिकव. परवा मी एका झोपलेल्या मेंढीला आजारी समजलो." मला त्या दोघांचं निम्मं बोलणं अजून समजत नाही. पण पोरगी करील असं वाटतं.

पाटीवर अजून रोज होडी येते. मी अंगठा देत नाही. चहा घेता घेता तोंडानंच म्हणतो, "राम राम, होडीवाले."

"आबा," कोयना म्हणते, "तिला ऐकू येत नाही."

"ठाऊक हाय. म्हणून तर तोंडानं घालतो."