लीलाधरच्या नावेतली घागर

"तिले आखाजीले काय धाडता? माहेर तर पानीमा शे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे मला ऐकू आलं. बोलणारे भाईदासनाना, माझे चुलतसासरे. सासूबाई हसल्या. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी लेक माहेरी जातेच. मी भाकरी थापत राहिले. या घरात मी फारसं बोलत नाही, म्हणून मला ऐकूही येत नाही असा त्यांचा समज आहे.

जेवणं झाली आणि वीज गेली. पिंप्राळ्याच्या आमच्या गच्चीवर नानांनी पोरांना गोळा केलं. "ज्योत्स्ना, तूपण बस," असं ते पहिल्यांदाच म्हणाले, तेव्हाच कळलं गोष्ट कोणासाठी आहे.

"तापीच्या धरणातलं ते बेट. युगानुयुगांचं. माणूस टिकत नाही तिथे."

युगानुयुगांचं ते बेट माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे. आधी ती आमच्या गावाची टेकडी होती, वर गुरं चरायची. धरण झालं, गाव उठवून माळावर बसवलं, टेकडीचा माथा तेवढा उरला. मग हिवाळ्यात बदकं उतरायला लागली आणि वनखात्याने पाटी ठोकली: पक्ष्यांसाठी राखीव, सूर्यास्तानंतर मनाई. माणूस टिकत नाही, कारण त्याला टिकू देत नाहीत. पण नानांना मधे अडवायची इथे पद्धत नाही.

"गेल्या वर्षी, आखाजीची आदली रात्र. बीजेची कोर कधीच मावळलेली. आपला लीलाधर नाव घेऊन निघाला, बेटाजवळ जाळं टाकायला."

चोरून, हे नाना म्हणाले नाहीत.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेटाच्या पायथ्याची जुनी मसणवट उघडी पडते. लीलाधर तिथेच उतरला. घसा कोरडा. समोर दगडावर घागर. वर डांगर, आंबा..."

पोरं सरकून जवळ आली. आखाजीला पितरांसाठी भरून वर खरबूज-आंबा ठेवलेल्या घागरीला कोणी तोंड लावत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"प्याला?" माझ्या नवऱ्याने, कुंदनने विचारलं.

"प्याला. अर्धी संपवली. तेवढ्यात मागून बाई... 'कोणाचा रे तू?'"

"पांढरं लुगडं?"

"पांढरंच."

नानांच्या भुतांना दुसरं लुगडं मिळत नाही. आता पाय उलटे निघतील, मी मनात म्हटलं. निघाले.

"लीलाधर पळाला. वल्ही मारत सुटला. मागे पाहिलं नाही. घागर तिथेच... दगडावर. काठाला लागला. टॉर्च लावला..."

नाना थांबले.

"नावेत घागर. काठोकाठ."

एका पोराने माझा पदर धरला.

"गळ्याला चिंधी. गोधडीची. तीन गाठी मारलेली."

माझ्या हातातला पंखा थांबला. ती चिंधी नानांनी रचलेली नव्हती. तेवढी कल्पना त्यांच्यात नाही.

"म्हणून म्हणतो, वहिनी," नाना सासूबाईंकडे वळले, "त्या बाजूला सून धाडू नये." सासूबाईंनी मान हलवली. कुंदन गच्चीच्या कठड्याकडे बघत बसला.

मी पंखा खाली ठेवला.

"नाना, तशी चिंधी माझी आजी बांधायची. कमलबाई. मसणवट उघडी पडली की दर आखाजीला बेटावर घागर ठेवून यायची. माळावरचं नवं घर आपल्या माणसांना सापडायचं नाही, म्हणायची. लुगडं मात्र जांभळं नेसायची. गेल्या आखाजीच्या आधीच्या दिवाळीत ती गेली. त्या आखाजीला आमच्याकडून बेटावर कोणीच गेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी जाते. आता एक घागर तिचीपण भरनी शे."