आधी आलेली उत्तरं

सखाराम रोज चारच्या सुमाराला यायचा. डोक्याला टॉवेल, हातात लेकीसाठी दोन खणांचा डबा. सर्वण गावातून खाणीपर्यंतचा चढ तो चालतच चढायचा. ह्याच रस्त्यावर त्याने वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. खाण बंद पडली, ट्रक गेला, पण रस्त्याची ओढ काही सुटली नव्हती.

"बाय, आमच्या चेडवाक सांग, आज सुंगटांची कढी आसा."

गौरवी मान हलवायची. सांगायची परवानगी नव्हती, आणि डबा आत पाठवायची तर मुळीच नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून झालं होतं. तरी तो येतच राहिला. आणलेला डबा परत न्यायचा नाही म्हणून तो गौरवीपुढे ठेवायचा आणि ती खायची. कोळंबीची ती कढी झकास असायची, हीच तर पंचाईत होती.

कोमल, त्याची लेक, खाली होती. खाणीच्या तळाशी हिरवं पाणी साचलेलं, त्याच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली तांबडी माती, आणि खालच्या कोरड्या पायरीवर कंपनीने आणून ठेवलेली पांढरी, गोल, फायबरची खोली. कंपनीच्या कागदांत तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावच्या लोकांनी तिला अंडं म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात कंपनीची माणसंही अंडंच म्हणू लागली.

कंपनी बेंगळुरूची, खाजगी. मोपाच्या विमानतळावर विमानं उतरायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि ही मंडळी त्याच्याही वरच्या गोष्टी बोलत होती. शास्त्रज्ञ आणि इंजिनियर निवडायचे, शिकवून तयार करायचे, आणि प्रयोगांसाठी यानातून पृथ्वीबाहेर पाठवायचे. देशभरातून अर्ज आले. चाळणीवर चाळणी लागून शेवटी दोन नावं उरली, आणि जागा एकच. दोन्ही नावं गोव्याची, दोघी एकाच कॉलेजातल्या मैत्रिणी.

गौरवी ही पेडण्याच्या बाजारातल्या कापडवाल्या गोकुळदासांची मुलगी, संदेशवहनाची इंजिनियर. कोमल भूगर्भशास्त्रज्ञ, तिचं घराणं मूळचं सावंतवाडीकडचं, बाप पोटासाठी खाणीवर आला तो इथलाच झाला. खरं सांगायचं तर कोमलला त्या जाहिरातीचा पत्ताही नव्हता. गौरवीला एकटीने अर्ज करायचा संकोच वाटला, म्हणून तिने कोमललाही बसवलं, तिचा फॉर्म स्वतःच भरला, फोटोसुद्धा स्वतःच चिकटवला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

शेवटची परीक्षा म्हणजे अंड्यात एकटीने दहा दिवस. दार आतून कधीही उघडता येई, पण उघडलं की परीक्षा संपली. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त माइकवरून, आणि त्यातही मेख होती. यंत्र प्रत्येक बोलणं चार मिनिटं अडवून धरायचं आणि मग पुढे सोडायचं. प्रश्न पोचायला चार मिनिटं, उत्तर यायला चार. माणूस उत्तराची वाट किती शांतपणे बघतो, ते कंपनीला बघायचं होतं. एक जण आत असताना दुसऱ्याने वर, खाणीच्या जुन्या ऑफिसात, माइकपाशी बसायचं, असा नियम होता. शेजारच्या खोलीत स्पीकर लावून डॉक्टर विनोदिनी सगळं ऐकत असायच्या.

गौरवीचे दहा दिवस महिन्यापूर्वीच झाले होते. ती दहाही दिवस टिकली, पण सहाव्या संध्याकाळी माइक चालू असताना रडली, आणि ते रडणं रेकॉर्डवर होतं. त्या दहा दिवसांत पेडण्याहून कोणी आलं नाही. गोकुळदासांनी एकदा फोन केला होता, तोही चुलतभावाच्या लग्नाला ती मोकळी असेल का, हे विचारायला.

आता कोमलने दहा दिवस न रडता काढले की जागा तिची. गौरवीला तिचा मत्सर वाटायचा, आणि तो ती स्वतःपाशी कबूल करायची. जागेसाठी वाटायचाच, पण चार वाजता येणाऱ्या त्या डब्यासाठी जास्त वाटायचा.

पहिले तीन दिवस सगळं नियमाप्रमाणे चाललं. चौथ्या सकाळी गौरवीने विचारलं, "झोप कशी लागली गो?" आणि ती चहा करायला उठली. आठ मिनिटांत चहा होतो हे आता सवयीने कळलं होतं. चहाला उकळी फुटायच्या आत मागून कोमलचा आवाज आला.

"बरी लागली. मधे एकदा जाग इली."

गौरवीने मनगटावर बघितलं. पाच मिनिटं. तिने यंत्राची नोंद काढली. तिथे बरोब्बर आठ होती.

यंत्रात खोट असेल म्हणून तिने ते उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं. खोट सापडली नाही. सहाव्या दिवशी तिने बोलून बटण सोडलं आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं. नोंदीत आठ मिनिटं. हा दिवस तिच्या लक्षात राहिला याचं आणखी एक कारण म्हणजे कोमल रडली नाही. उलट गुणगुणत होती.

"डॉक्टर, तुम्हांला काही वेगळं वाटतंय का? उत्तरं लवकर येताहेत."

विनोदिनींनी नोंदवही चाळली, स्पीकरकडे बघितलं. "मला तर आठ मिनिटांनीच ऐकू येतंय. गौरवी, तू झोपतेस ना नीट?"

गौरवीने मनगटावरचं घड्याळ, भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाइल तिन्ही शेजारी ठेवून बघितली. सेकंदाचाही फरक नव्हता. बाहेर काजूच्या बोंडांचा वास सुटला होता. वरून एक विमान मोपाकडे उतरत गेलं.

सातव्या दिवशी तिने माइक हातातही घेतला नव्हता. "पाणी बारा लिटर उरला," असं कोमल म्हणाली. पाण्याचं विचारायची वेळ वीस मिनिटांनी होती. ती वेळ आली तेव्हा गौरवीने विचारलं, कारण उत्तर आलं असताना प्रश्न न विचारणं तिला जास्त भयंकर वाटलं.

आठव्या दिवशी दुपारी कोमलचा आवाज जरा दुखावलेला आला. "होय गो, फॉर्म तूच भरलंस. मी विसराक नाय."

गौरवीने माइकचं बटण तपासलं. हे वाक्य ती महिनाभर मनात घोळवत होती, पण तोंडातून कधी काढलं नव्हतं. आजही काढायचं नाही, असं तिने ठरवलं. तोंड घट्ट मिटून ती बसली. पाऊण तासाने कोमलने तिला एका दगडाबद्दल काहीतरी समजावलं, जरा जास्तच समजावलं, आणि गौरवीची जीभ सुटली. "माका शिकवू नको. तुझो फॉर्म मी भरलेलो." म्हणून झाल्यावरच आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

त्या संध्याकाळी सखारामची कढी खाताना तिच्या मनात तो विचार पहिल्यांदा आला. घरात कोणी दगावलं तर आतल्या माणसाला सांगायची मुभा होती. एक वाक्य, तुझे बाबा गेले, आणि कोमल दार उघडून धावत सुटेल. अर्थात असलं खोटं तासभरसुद्धा टिकणार नाही, हे कळण्याइतकी अक्कल गौरवीला होती. स्वतःची शरमही वाटली. तरी जेवण संपेपर्यंत विचार काही हलला नाही, आणि ती दोन्ही खण चाटूनपुसून जेवली.

नववा दिवस. सकाळपासून उत्तरं बरोबर एक तास आधी येत होती. गौरवी आता ती कागदावर उतरून घ्यायची आणि तासाने त्यांचे प्रश्न विचारायची.

चार वाजून दहा मिनिटांनी माइकच्या बाजूच्या जाळीतून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग कोमल.

"खरां सांग गो. बाबा गेले?" मग बराच वेळ काही नाही. आणि मग रडत, "मी येतंय भायर."

गौरवी खुर्चीसकट मागे सरकली. दाराबाहेर बाकावर सखाराम बसला होता. टॉवेलने मान पुसत होता. डबा मांडीवर.

एक तर हा माणूस तासाभरात मरणार, नाही तर मी खोटं बोलणार. तिसरं काही तिला सुचेना. दोन्हीपैकी काहीही होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. हे तिने मनापासून ठरवलं होतं, हेही सांगायला हवं.

तिने सखारामला आत आणून पंख्याखाली बसवलं आणि विनोदिनींना हाक मारली. "काकांचं जरा बीपी बघता?"

"माका काय जाला? इंजिन अजून ठणठणीत आसा," सखाराम हसला. विनोदिनींनी पट्टा बांधला, नाडी बघितली, छाती तपासली. "तुमच्या वयाला शोभेल असं आहे सगळं. उलट आमच्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

"बाय, तू अशी कित्याक बघतंस?"

"काही नाही, काका. सहापर्यंत हयच बसा. माझ्या सोबतीक."

"बसतंय की." मग थोड्या वेळाने, जरा लाजत, तो म्हणाला, "ती वर गेली की हयसून दिसात काय गो?"

"दिसेल," गौरवी म्हणाली. 

पाचला तिने माइकचा स्विच बंद केला. पाच वाजून पाच मिनिटांनी वायर उपटून टेबलावर ठेवली. मग ओठांवर हात दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

आठ. नऊ. दहा.

सखाराम समोर बसला होता. पाय हलवत होता.

अकरा.

काही झालं नाही. तिने तोंडावरचा हात काढला आणि ती इतकी मोठ्याने हसली की सखारामही हसू लागला.

पंधरा मिनिटांनी टेबलावरचा हिरवा दिवा लाल झाला. खालचं दार उघडलं होतं.

विनोदिनी धावत आल्या. डोळे भरलेले. "ऐकलं मी. किती हळू सांगितलंस तिला. दुसरं कोणी असतं तर उद्यापर्यंत दडवलं असतं."

"मी काही बोलले नाही. ही बघा वायर."

विनोदिनींनी वायरीकडे बघितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझीही ओळख होती त्यांच्याशी. बस जरा." त्यांनी पंख्याखालची खुर्ची तिच्यासाठी ओढायला हात घातला.

सखाराम गडबडीने उठला. "कोणी काय सांगल्यान? कोण गेला?"

विनोदिनींनी रिकामी खुर्ची पुढे ओढली. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बाहेर पावलं वाजली. कोमल अनवाणी चढ चढून आली होती. पाय तांबडे, केस सुटलेले, छाती धपापत होती. सखाराम दोन्ही हात पसरून पुढे झाला.

"गो कोमल! परीक्षा सोडून कित्याक इलंस? माका काय जाला नाय."

ती त्याच्या बाजूने गेली. गौरवीच्या गळ्यात पडली. घामाचा आणि नऊ दिवसांच्या बंद हवेचा वास.

"बरां केलंस सांगलंस ता," ती म्हणाली. "तुझे उपकार जन्मभर."

"कोमल," सखाराम म्हणाला. "गो, हय बघ."

त्याने तिच्या खांद्याला हात लावला. तिने वारं लागल्यासारखा ओढणीचा पदर सारखा केला.

मग तो गौरवीकडे वळला. खोलीत त्याच्याकडे बघणारी ती एकटीच होती.

"बाय, तुका तरी दिसतंय मा मी?"

दिसत होता. कानशिलावरचा घाम दिसत होता, शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं होतं तेही दिसत होतं. एक शब्द पुरला असता. मागे बघ, म्हटलं असतं तर कदाचित कोमल वळली असती. आणि वळली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग तू खोटं का बोललीस? जागा कोमलला मिळाली असती आणि बापही.

विनोदिनींनी कागद पुढे ओढला होता.

"कधी?" कोमलने विचारलं. "कधी गेले गो?"

देवाशपथ, गौरवीच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हेच, की जागा आता आपली.

तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पाच वाजून दहा मिनिटांनी."

विनोदिनींनी लिहून घेतलं. सखारामने भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून बघितलं, मनातल्या मनात काही हिशेब जुळवला, आणि कोणी गेल्याचं कळलं की माणसं काढतात तसा डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला.